यादीत तीन कमला देवी

निवृत्त झाल्यापासून बनारसच्या आमच्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवात मला एक प्रश्न हमखास येतो. "सुलभा, तू हॉस्पिटलात इतकी वर्षं कंप्यूटरवर करत काय होतीस गं?" डॉक्टर नाही, नर्स नाही, अकाउंटमध्येही नाही. मी सांगते, "लोकांची नावं नीट दिसतील असं बघायचे." त्यावर विचारणारी "हो का" म्हणते आणि वाटली डाळ पुढे करते. नोकरी कळली नाही की खायला घालायचं, ही आपली जुनी रीत आहे.

संपादकांनी आठवणी मागितल्या तेव्हा बजावून सांगितलं होतं, तांत्रिक फार नको. थोडं येणारच. पण ते गहू निवडण्याइतकंच अवघड आहे, घाबरू नका.

आमचं रुग्णालय एका ट्रस्टचं. नाव सांगत नाही, सांगायचं कारणही नाही. दूधविनायकातल्या आमच्या घरून मी पायी जात असे. गाझीपूर, बलिया, चुनार, पार बिहारमधून पेशंट यायचे. शिवाय यात्रेकरू. काशीला आलेला माणूस पुण्य घेऊन परत जातो तसाच कधीकधी मोडलेला पाय घेऊनही जातो.

तर काम असं. रुग्ण आला की संगणकात त्याची नोंद होते आणि त्याला एक नंबर मिळतो. त्याचं नाव एका तक्त्यात असतं, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव आणि गाव दुसऱ्या तक्त्यात, वॉर्ड आणि तब्येतीची स्थिती तिसऱ्यात. तिन्ही तक्ते त्या नंबराने एकमेकांशी बांधलेले. आता काउंटरवरच्या माणसाला काही बघायचं असेल तर तो फॉर्ममधल्या एका छोट्या बाणावर क्लिक करतो. मग खाली एक यादी उतरते, तिला ड्रॉपडाउन म्हणतात. त्यातलं एक नाव निवडायचं, बाकीचं काम संगणक करतो.

घोळ इथेच आहे. संगणक माणसाला नंबराने ओळखतो आणि त्याची कधी चूक होत नाही. माणूस माणसाला नावाने ओळखतो. आणि पूर्वांचलात नावं किती? शांति देवी, सावित्री देवी, रामप्यारी, कमला देवी. एकाच दिवशी एकाच वॉर्डात चार शांति देवी मी पाहिल्या आहेत, त्यातल्या दोघी तर जावा होत्या. यादीत नुसतंच नाव दिसत असेल तर चौघी एकाखाली एक उभ्या राहतात, हुबेहूब. क्लिक करणारा अंदाजाने बोट ठेवतो.

माझं काम एवढंच, की त्या यादीत नावाशेजारी दुसऱ्या तक्त्यातली माहिती जोडून आणायची. शांति देवी, पती अमुक, गाव तमुक, वय इतकं. त्यातही एक गोम आहे. यादी उघडी असते तोवर सगळे रकाने दिसतात. एकदा निवडून ती मिटली की पहिला रकाना तेवढा उरतो, पुन्हा नुसतीच शांति देवी. म्हणून शेजारी चौकटी करायच्या आणि नाव निवडल्याबरोबर त्यांत नवऱ्याचं नाव, गाव, वॉर्ड आपोआप उमटेल अशी सोय करायची. क्लिक करणाऱ्याला निवडल्यानंतरही दिसायला हवं, की आपण कुणाला निवडलंय.

हे सॉफ्टवेअर आमच्याकडे लखनौच्या एका कंपनीने बसवलं होतं. ते लोक बसवून गेले ते गेलेच. नंतर एकेका काउंटरचा फॉर्म मी सुधारत गेले. सुरुवात झाली ती एका पहलवानापासून.

आमच्याकडे तीन डॉक्टर सिंह होते. एक हाडांचे, एक त्वचेचे, एक बालरोगतज्ज्ञ. नंबर लावायच्या यादीत तिघंही 'डॉ. सिंह'. एका सकाळी मी बालरोग विभागावरून जात होते तर बाहेरच्या बुटक्या बाकावर एक अवाढव्य माणूस बसलेला. मान पुढे काढलेली, गुडघे छातीशी, मागे भिंतीवर हत्ती आणि फुगे. आजूबाजूला रडणारी पोरं. आखाड्यातला पहलवान होता, गुडघा सुजलेला. मी विचारलं, "आप यहाँ कैसे?" तो फार अदबीने म्हणाला, "बहिनजी, पर्ची में डॉक्टर सिंह लिखल बा. हम सोचे, बड़का डॉक्टर होइहैं, पहिले बच्चन के देखत होइहैं." त्याला हात धरून उठवायला दोन वॉर्डबॉय लागले. दुपारपर्यंत मी यादीत डॉक्टरांच्या नावापुढे विभाग आणि खोली नंबर घातला. पहलवान पुढे बरा होऊन आखाड्याचा प्रसाद घेऊन आला होता, पण तो बालरोगच्या नर्सबाईंसाठी. मला काहीच नाही.

मग सगळ्यांनाच हाव सुटली. आमच्या अधीक्षकांनी सांगितलं, रुग्णाच्या यादीत सगळं दाखवा, वय, पत्ता, धर्म, धंदा, फोन, आजार. मी करून दाखवलं. ओळ इतकी लांब झाली की पडद्यावरून उजवीकडे निघून गेली आणि वाचता वाचता नाव विसरायला झालं. साहेब तणतणत निघून गेले. आजार तर मी खऱ्या काउंटरवर कधीच दाखवला नसता. काउंटरवर लोक वाकून पडद्यात डोकं घालतात, शेजाऱ्याचा आजार वाचायला आपली माणसं चष्मा पुसून उभी राहतात. शेवटी ठरलं, नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, गाव, वय, बस्स. इतकं वाचलं की माणूस बोट ठेवण्याआधी जरा थांबतो.

भरती, औषधं, तपासण्या, सगळीकडे नवा फॉर्म बसला. चौकशीचा काउंटर तेवढा राहिला. त्याचं कारण दुबेजी.

दुबेजी चौकशीवर जन्मापासून असावेत असे बसत. गालात पान, कपाळाला चंदन, आणि समोरच्याला "का हो भइया" म्हणत असा काही धीर देत की निम्मं दुखणं तिथेच उतरावं. नव्या फॉर्मकडे पाहून ते म्हणाले, "दीदी, इतना लंबा-लंबा हमसे ना पढ़ाई. आदमी सामने खड़ा रो रहा है अउर हम गाँव-जवार पढ़ें? नाम बताओ, नाम दबाओ, हाल बताओ. हमको पुराना वाला रहने दीजिए." मी वाद घातला. ते अधीक्षकांकडे गेले. अधीक्षकांना त्या लांब ओळीचा राग होताच. जुना फॉर्म राहिला.

आता ज्या दिवसाची गोष्ट सांगायला बसले आहे तो दिवस.

सकाळची ओपीडी भरात होती. माझी खोली चौकशीच्या मागेच, मध्ये अर्धी भिंत. काउंटरचा गोंगाट मला इतका सवयीचा की ऐकूच यायचा नाही. पण त्या दिवशी त्या सगळ्या हिंदी-भोजपुरी गलक्यातून एकदम एक आवाज आला. "आई गं... आक्के, आपली आई गेली गं..."

बनारसमध्ये आम्ही मराठी घरात बोलतो. माझी मुलगी तर घरातही अर्धं हिंदीच बोलते. रुग्णालयात, परक्या माणसाच्या तोंडून अशी उघडी मराठी मी क्वचितच ऐकली होती. मी हातातलं टाकून बाहेर आले.

काउंटरच्या कडेला, जमिनीवर, एक चाळिशीतला माणूस बसला होता. मळलेला पांढरा सदरा, खांद्याला बॅग, कानाला मोबाइल. फोनवर पलीकडून एका बाईचा टाहो ऐकू येत होता. दुबेजी काउंटरबाहेर येऊन त्याच्या पाठीवर हात फिरवत होते. वॉर्डबॉय एका बाजूला थांबला होता, याला शवागाराकडे न्यायला.

मी त्याच्यापाशी बसले. "भाऊ, कुठले तुम्ही?"

त्याने वर पाहिलं. मराठी ऐकून तो दचकला, मग जास्तच रडायला लागला. "बार्शीकडचा हाय ताई. पोपट जगताप. शिंपी हाय. आई यात्रेला आलती, गावच्या बसनं. घाटावर पडली म्हणून फोन आला. मी गाडीत बसलो, आन् हितं येऊस्तवर..."

बसवाल्या म्होरक्याने त्याला कळवलं होतं, आई पायरीवरून घसरली, या रुग्णालयात आहे, बाकीच्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन मला पुढे जावं लागतंय, तुम्ही या. पोपट मिळेल त्या गाडीने उभ्याने आला होता. स्टेशनवरून थेट चौकशीच्या खिडकीवर.

मी दुबेजींना विचारलं, "क्या नाम बताया था इन्होंने?"

"कमल जगताप. जगताप डाले तो कुछ नहीं आया. कमल डाले तो कमला देवी आया. देखे तो..." त्यांनी आवाज खाली आणला, "आज भोर में ही शांत हुई हैं."

पडून आली होती म्हणजे हाड मोडलं असेल. हाड मोडून इतक्या लवकर? होतंही कधीकधी. मी पोपटला विचारलं, "आईला काय झालं होतं म्हणाले?"

"मांडीचं हाड मोडलं म्हनले."

"वडील आहेत?"

"न्हाईत. कवाच गेले. रामचंद्र नाव हुतं."

मी दुबेजींच्या खुर्चीवर बसले. त्यांच्या फॉर्ममधला बाण दाबला. खाली यादी उतरली आणि तिच्यात एकाखाली एक तीन कमला देवी. पुढे काही नाही. दुबेजींनी पहिलीवर बोट ठेवलं होतं. कुणीही ठेवलं असतं. मी तो फॉर्म बंद केला आणि भरतीच्या काउंटरवर चालणारा नवा फॉर्म त्याच संगणकावर उघडला.

पहिली कमला देवी. पती रामसूरत, गाव गाझीपूरकडचं, वय बरंच जास्त. हृदयरोग विभाग. मृत.

दुसरी चुनारची, पती शिवमूरत. घरी सोडलेली.

तिसरी कमला देवी. पती रामचंदर. गावाचा रकाना रिकामा. आणणाऱ्याच्या जागी लिहिलं होतं, नाविक, मुन्शी घाट. वॉर्ड हाडांचा, अजून भरती.

काय झालं असेल ते मला दिसायला लागलं. नावाड्याने म्हातारीला उचलून आणलं तेव्हा बसवाला अजून मागे असणार. भरतीवरच्याने नाव विचारलं, ती म्हणाली असेल कमल. आमच्याकडे कमल नावाची म्हातारी नसते, कमला देवी असते. त्याच्या बोटांनी सवयीने देवी लिहिलं. आडनाव कुणी विचारलं नाही, गाव विचारलं तर उत्तर कळलं नाही. नवऱ्याचं नाव तेवढं हाताला लागलं.

तरी 'जिवंत' हा शब्द मी तोंडातून काढला नाही. वॉर्डातल्या नोंदी संगणकात चढायला उशीर होतो, हे मला माहीत होतं. रामचंदर नावाचे नवरेही काही कमी नसतात. एकदा आई मेली म्हणून सांगितलेल्या माणसाला आई जिवंत आहे म्हणून सांगायचं आणि ते पुन्हा खोटं निघायचं? मी उठून त्याला म्हणाले, "पोपटराव, माझ्याबरोबर जरा वर चला."

"कुठं?"

"चला तर."

तो उठून निघाला. त्याला वाटलं असेल, मी त्याला मयताकडेच नेतेय. फोनवर बहीण रडत होती, तो फोन तसाच चालू, हातात लोंबकळत. दुबेजीही खिडकी सोडून आमच्या मागून आले. मी त्यांना रांग टाकून जाताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

हाडांच्या वॉर्डात बायकांच्या बाजूला, खिडकीजवळचा पलंग. पलंग रिकामा होता. चादर विस्कटलेली, उशाशी एक स्टीलचा तांब्या आणि हिरव्या बांगड्यांचा पुडा.

पोपटने तो तांब्या पाहिला आणि त्यावरून हात फिरवला. "आईचा हाय," म्हणाला.

मी नर्सला विचारलं, "इस बेड की माताजी?"

ती इंजेक्शनची तयारी करत होती. मान वर न करता म्हणाली, "ले गए."

दोन शब्द. दुबेजी पुढे झाले. "कहाँ ले गए?" त्यांचा आवाज मला ओळखू येईना.

नर्स उत्तर देणार तेवढ्यात मागच्या व्हरांड्यातून चाकांचा खडखडाट आणि त्यावर चढलेला एक खणखणीत आवाज आला. "आरं हळू की रं मुडद्या! माझं हाड हाय का लाकूड? ह्यास्नी कितीदा सांगू, ह्यांना कळतंच न्हाई काय!"

"एक्सरे," नर्स म्हणाली. "और दो दिन से पता नहीं कौन भाषा में सबको गरिया रही हैं. हम लोग समझे मद्रासी हैं."

स्ट्रेचर आत आलं. त्यावर एक लहानखुरी म्हातारी, नऊवारीचा काष्टा सोडलेला, कपाळावर आडवं कुंकवाचं गोंदण, नजर तरवारीसारखी. तिने मुलाला पाहिलं. पोपट पुढे गेला आणि स्ट्रेचरची दांडी धरून जे ओरडला त्याला शब्द नव्हते. वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. तो तिचे हात चाचपत होता, तोंड चाचपत होता, ती म्हणत होती, "आरं काय झालं? आरं पोपट्या, येड्यावानी काय करतूस? जेवलास का न्हाई?"

मला आठवलं, फोन. तो अजून त्याच्या हातात होता आणि त्यातून रडणं चालूच होतं. मी तो घेतला. "ताई, मी हॉस्पिटलातून बोलतेय. ऐका, तुमची आई आहे. जिवंत आहे. चूक झाली सांगण्यात."

ती बाई पलीकडून म्हणाली, "तुम्ही कोन? मला समजावू नगा. माझा भाऊ आत्ता म्हनला."

"आईशी बोला."

मी फोन म्हातारीच्या कानाला लावला. तिने जरा वेळ ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कोन मेलं? मी? आगं, मी मेले आसते तर तुला आदी कळवलं नसतं का?"

हे ऐकून आधी मी हसले, मग पोपट, मग नर्स, तिला एक अक्षर कळलेलं नसताना. दुबेजी हसत नव्हते. ते पलंगाच्या पायथ्याशी हात जोडून उभे होते. म्हातारीने विचारलं, "ह्यो कोन?" मी सांगितलं, यांनीच चुकून तुम्हाला मारलं होतं. तिने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "बामन दिसतोय. असूं दे. त्येला म्हनावं च्या सांग."

त्या चहाची चव मी विसरणार नाही. वॉर्डात चहा प्यायची परवानगी नव्हती. आम्ही सगळ्यांनी प्यायला. अंगावरून काहीतरी मोठं निघून गेलं आणि आपण जागेवर आहोत, असं वाटत होतं.

खाली आलो तर खिडकीपुढे रांग लागलेली. रांगेत पुढे एक वाकलेला म्हातारा, खांद्यावर गमछा, हातात केळ्यांची पिशवी. रात्रभर बसून तो उजाडण्याआधीच नातेवाइकाकडे आंघोळीला गेला होता. त्याने दुबेजींना बायकोची तब्येत विचारली, "बाबू, हमार मेहरारू भर्ती बाड़ी. कमला देवी. अब कइसन बाड़ी?"

दुबेजी खुर्चीवर बसले. नवा फॉर्म अजून उघडाच होता. त्यांनी बाण दाबला नाही. म्हाताऱ्याकडे पाहून फार सावकाश विचारलं, "बाबा, आपका नाम?"

"रामसूरत."

"गाँव?"

त्याने गाव सांगितलं.

"उमर कितनी होगी माताजी की?"

म्हातारा अंदाजाने बोलला. दुबेजींनी पडद्यावर पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. मग उठले, काउंटरच्या बाहेर आले, केळ्यांची पिशवी त्याच्या हातातून घेतली आणि त्याला बाकावर बसवून स्वतः शेजारी बसले. त्यांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.

माझा सगळा सुटकेचा आनंद त्या बाकावर येऊन थबकला. वरच्या कमलबाईंनी चहा मागितला म्हणून खालच्या म्हाताऱ्याची कमला देवी गेली, असं काही नव्हतं, ती पहाटेच गेली होती. पण बातमीने मधला अर्धा-पाऊण तास चुकीच्या घरात काढला होता, आणि ज्याची होती तो माणूस केळी घेत होता. खबर देण्यासाठी वॉर्डातून त्याला फोन लावून झाला होता, तो लागला नव्हता, असं पुढे कळलं. तरी मला अजून वाटतं, त्या वेळी तो तिच्याजवळ असायला हवा होता.

दुपारी दुबेजी माझ्या खोलीत आले. पान नव्हतं तोंडात. "दीदी, हमारे यहाँ भी वही वाला लगा दीजिए. लंबा वाला."

"पढ़ लेंगे?"

"चश्मा बनवा लेंगे."

मी त्यांच्यासाठी अक्षरं मोठी केली. शिवाय एक गोष्ट नवी केली. यादीत एकाच नावाच्या दोन ओळी असतील तर त्या वेगळ्या रंगात दिसाव्यात, म्हणजे बोट आपोआप अडखळेल. आणि मृत ही स्थिती नाव निवडल्याबरोबर दिसणार नाही. आधी नवऱ्याचं किंवा बापाचं नाव आणि गाव विचारून जुळवायचं, मगच ती चौकट उघडेल. त्यासाठी लखनौच्या कंपनीला फोन लावला, तर त्यांनी विचारलं, असं का हवंय, काम हळू होईल. मी म्हटलं, हळूच व्हायला हवंय.

कमलबाईंचं ऑपरेशन चांगलं झालं. पोपट दूधविनायकात आमच्या ओळखीच्या एका घरी खोली घेऊन राहिला. मी रोज डबा न्यायचे. वरणात गूळ घातला म्हणून त्या पहिल्या दिवशी रुसल्या, दुसऱ्या दिवसापासून मी ठेचा नेऊ लागले. माझी मुलगी एकदा माझ्याबरोबर आली. तिची हिंदीमिश्रित मराठी ऐकून कमलबाई म्हणाल्या, "पोरगी ग्वाड हाय, पर हिचं निम्मं गाडीत ऱ्हायलंय का?" मुलीने ते घरी येऊन बाबांना अगदी कमलबाईंच्या सुरात करून दाखवलं. तिला इतकी शुद्ध ग्रामीण मराठी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मायलेकांना गाडीत बसवायला मी आणि दुबेजी दोघं गेलो होतो. दुबेजींनी वाटेसाठी पेढे आणले होते. त्यांना आणि कमलबाईंना एकमेकांचं बोलणं कळत नव्हतं, तरी त्या त्यांना काहीबाही सांगत होत्या आणि ते मान डोलवत होते.

पुढे महिनाभराने एका दुपारी फोन आला. पलीकडे कमलबाई, बार्शीकडच्या आपल्या घरून. काठीने चालायला लागल्या होत्या. म्हणाल्या, "आगं, हितं बातमी फुटल्याबरुबर निम्म्या गावानं माझ्या नावानं आंघूळ केलती. आता समदी मला बगायला येत्यात. म्हनत्यात, खोटी मरनाची बातमी आली की आवुष्य वाढतं. खरं का गं?"

"आमच्याकडेही म्हणतात," मी म्हटलं.

"मग त्या दुबेला सांग, त्येनं वाढवलेलं आवुष्य मी वाया घालवीत न्हाई. कालच दोन शेळ्या घेतल्या. दोनी गाबन हायत."

मी उठून काउंटरवर गेले आणि दुबेजींना हिंदीत सगळं सांगितलं. त्यांनी नवा चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे पुसले आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला म्हणाले, "दो मिनट रुको भइया. अभी हमारे घर में बकरी ब्याने वाली है."